ओलान्माची चूल

१३ जानेवारी, न्क्वोचा बाजार

आज सकाळच्या बातम्यांत ओलान्मा मेली. मेली तीही इंग्रजीत.

मी अंगणात दातण चावत उभी होते. कनायोने आतून रेडिओ मोठा केला आणि ओरडला, "आई, ऐक, मोठी आई गेली!" मोठी आई! माझ्या या मुलाने तिला उभ्या आयुष्यात पाचसहा वेळा पाहिलं असेल, तेही बहुतेक बाजारात, माझ्या मागे लपून. रेडिओवरची मुलगी सांगत होती की आपल्या भागात कादंबरी लिहिणारी ही पहिली बाई, अकरा पुस्तकांची लेखिका, स्त्रियांचा आवाज. स्त्रियांचा आवाज म्हणे. आमच्या उमुएझाला गावात बायकांच्या आवाजाची वानवा कधी होती? दर चौथ्या दिवशी न्क्वोचा बाजार भरतो, एकदा तिथे येऊन उभी राहा म्हणावं.

मी चूळ भरली आणि चहा टाकला. रडू वगैरे आलं नाही. सवतीसाठी कोण रडतं?

ती माझ्या नवऱ्याची, जोनास न्वोकेकेची, पहिली बायको. सहा वर्षं नांदली, मूल झालं नाही, आणि गेली. मग मी आले. चार मुलं वाढवली, मुलींच्या शाळेत मोठ्या बाई म्हणून निवृत्त झाले, जोनासचं शेवटचं दुखणं काढलं. माझ्याबद्दल रेडिओवर कोणी बोलणार नाही. नकोच बोलायला, उच्चार चुकतील.

तिची अकराही पुस्तकं मी वाचली आहेत. ज्याला वाईट म्हणायचं ते आधी वाचलेलं असावं, हा माझा शाळेतला नियम. त्यांत जोनास आहे, सासूबाई आहेत, दीर फेस्टस तर दोनदा आहे. आमची लंगडी शेळीसुद्धा आहे. मी कुठेही नाही. चाळीस वर्षं त्याच घरात राहिलेली, दर नाताळात तिला भेटणारी बाई तिला दिसली नाही, आणि शेळी दिसली.

१६ जानेवारी

फेस्टस आला. डोक्यावर लाल टोपी, हातात घोड्याच्या शेपटीची चवरी. तीन वर्षांपूर्वी त्याने स्वतःला चीफ करून घेतलं, तेव्हापासून माशा नसल्या तरी चवरी हलवतो. थेट जोनासच्या खुर्चीत बसला.

"आमच्या बायको, मोठ्या दुःखाची वेळ आहे."

कुळातलं शेंबडं पोरसुद्धा सुनेला 'आमची बायको' म्हणतं. तिला पोसायची वेळ आली की मात्र ती एकट्याची होते.

"कोणाच्या दुःखाची?" मी म्हटलं.

"ओलान्मा आपल्या घरची. तिची माती आपल्याच अंगणात झाली पाहिजे. जोनासच्या शेजारी."

"चाळीस वर्षं तुला आठवली नाही ती?"

"आठवली नाही कशी? पुस्तकांवर नाव कोणाचं छापलंय? न्वोकेके! आमचं नाव!"

तिचं पहिलं पुस्तक आलं तेव्हा हाच फेस्टस ताडीच्या बैठकीत म्हणाला होता, "कोंबडी आरवायला लागली की ती कापून खायची असते." सगळे पोट धरून हसले होते. ताडी मीच वाढत होते. आता मंत्री येणार आहेत, गावापर्यंत डांबरी रस्ता होणार आहे, आमचं घर स्मारक होणार आहे. म्हणून कोंबडी आमची.

कनायो दारात उभा राहून ऐकत होता. डांबरी रस्ता म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. त्याची मोटारसायकल दर पावसाळ्यात गुडघाभर चिखलात रुतते, त्याचं मी समजू शकते. फेस्टसचं नाही.

१९ जानेवारी

आज ते दोरी घेऊन जागा मापायला आले. जोनासची समाधी अंगणात आहे. तिच्या उजव्या बाजूला माझी जागा ठरलेली आहे, मी तिथे संत्र्याचं झाडही लावलं आहे. फेस्टसने दोरी उजवीकडेच टाकली.

"उजवी बाजू पहिल्या बायकोची," तो म्हणाला. "तुमच्यासाठी डावी आहे ना."

डावीकडे न्हाणीचं पाणी वाहतं. चाळीस वर्षं मी या घरात खपायचं, आणि ती एका रात्रीत पुस्तकं घेऊन गेली म्हणून संत्र्याखाली तिने झोपायचं. मी दोरी उचलली, गुंडाळली आणि त्याच्या हातात दिली. "कपडे वाळत घालायला ने," म्हटलं.

२३ जानेवारी

मोठ्या माणसाची माती आमच्यात महिना-दीड महिना लांबते; ओलान्मा शवागारात आहे, तोवर फेस्टस रोज येतो. काल उत्तम सुकी मासळी घेऊन आला. तो मला घाबरतो, आणि त्याला कारण आहे.

सासरी मेलेल्या बाईला पुरायचं तर आधी तिच्या माहेरच्या लेकी येतात. अंगणात बसतात, पाणीसुद्धा घेत नाहीत, आणि एकच विचारतात, आमच्या बहिणीची चूल दाखवा. चूल घरातल्या सगळ्यांत वडील सुनेने दाखवायची. तिने दाखवली तर ती बाई मरेपर्यंत त्या घरची बायको होती, खड्डा खणा. नाही म्हणाली तर लेकी आपल्या मुलीला घेऊन जातात. वडील सून मी. गप्प बसले तर तो होकार धरतात.

ओलान्माची चूल या घरात नाही. आमच्यात बायकोला घालवायला भांडावं लागत नाही, तिच्या चुलीचे तीन दगड बाहेर टाकले की झालं. जोनासने ते टाकले. शुद्धीत कधी बोलला नाही, ताडी चढली की सांगायचा. तो घरी आला तेव्हा कालवण शिजायचं होतं आणि ती टेबलाशी लिहीत बसली होती. त्याने धगधगते दगड गोणपाटात धरून उचलले आणि अळूच्या वाफ्यापलीकडे भिरकावले. उजव्या तळव्याला भाजल्याचा डाग मरेपर्यंत होता. गावाला मात्र सांगितलं, बायको पहाटे पेटी उचलून लागोसला पळाली. गावाने त्याची कीव केली. मीही करू दिली. तो माझ्याशी वाईट वागला नाही. त्याच्या समाधीवर मी कोरून घेतलं आहे, 'जोनास न्वोकेके, सहनशील पती.' शब्द माझेच, आणि चांगले आहेत.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी ओलान्माला भर बाजारात विचारलं होतं, "त्याने तुला टाकलं की तू त्याला?" ती म्हणाली, "जाऊन दगडांना विचार." मी अळूत जाऊन पाहिलं. तिन्ही होते, काळे पडलेले. एक चांगला सपाट होता. तो मी धुण्याला घेतला.

म्हणजे चूल दाखवली तर माझी उजवी बाजू जाते. नाही दाखवली तर कारण सांगावं लागतं, आणि जोनास आपल्याच समाधीवर खोटा ठरतो. इकडे आड, तिकडे विहीर. आणि हे सगळं त्या बाईपायी, जिला कालवण वेळेवर चुलीवर ठेवता आलं नाही.

२ फेब्रुवारी

हसून हसून पोट दुखतंय, तरी लिहिते.

फेस्टसने ओलान्मासाठी स्वयंपाकघर बांधलं. माझ्या घरामागे, अळूचा वाफा उखडून, चार दिवसांत. मातीच्या भिंती, वर नवाकोरा पत्रा. बाहेर पाटी लावली आहे, 'थोर लेखिकेचे स्वयंपाकघर'. जिला स्वयंपाकावरून घालवली तिचं स्मारक कशाचं, तर स्वयंपाकघराचं.

भिंती फारच स्वच्छ दिसायला लागल्या. मग एकाला कंदील घेऊन आत बसवला, वात मोठी करून भिंती काळ्या करायला. तो खोकत खोकत बाहेर आला तेव्हा भिंतीपेक्षा जास्त काळा होता. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की मडकं नाही. माझं नेलं.

"आई, वेळेपुरतंच," कनायो म्हणाला.

"आत कोंबड्या सोडा," मी म्हटलं, "म्हणजे कोणीतरी त्यात राहतंय असं वाटेल."

फेस्टसने खरंच दोन सोडल्या.

६ फेब्रुवारी, न्क्वोचा बाजार

ओलान्माची धाकटी बहीण सबिना मासळीच्या ओळीत भेटली. अमाउडे हे त्यांचं माहेर, तिथल्या लेकींची तीच म्होरकी. बाजारात गाठ पडली असं तिने दाखवलं, पण टोपली रिकामी होती.

"मोठ्या बाई, ताईला आईजवळ राहायचं होतं," ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात हेच म्हणत होती. त्या अंगणात मला नेऊ नका."

"मग लिहून ठेवायचं. अकरा पुस्तकं लिहिली, एक ओळ झाली नाही?"

"लिहून काय करायचं? तुमच्या कुळात तुम्ही सोडून वाचतंय कोण?"

हे तिने बरोबर सांगितलं. मी मासळीवरच्या माशा वारत राहिले.

"तुम्ही खरं सांगाल ना?"

"मला कुठलं खरं माहीत? मी तेव्हा या घरात नव्हते."

"धुणं कशावर धुता?" सबिनाने विचारलं. मी एक मासळी उचलून हुंगली. "जोनासच्या मातीला ताई आली होती, तेव्हा तिने तो दगड पाहिला. घरी येऊन हसत सुटली. म्हणाली, बरं झालं, निदान कोणाच्या तरी उपयोगी पडला."

हसली म्हणे. माझ्या धुण्याला. मी सबिनाला सांगितलं, चूल दाखवायची का नाही ते माझं मी बघेन, तुझ्या बहिणीसाठी मी माझ्या नवऱ्याचं नाव मातीत घालणार नाही. ती म्हणाली, "बरं," आणि रिकामी टोपली घेऊन गेली.

७ फेब्रुवारी

झोप येईना म्हणून तिचं तिसरं पुस्तक पुन्हा काढलं. चुका सापडतात का बघायला.

सापडतात. सगळ्यांत मोठी म्हणजे ती शेजारीण. दर पुस्तकात नाव बदलून येते, पण बाई तीच. तोंडात दातण, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोल. या पुस्तकात ती नायिकेला भर बाजारात गाठून असलं काही विचारते की वाचणाऱ्यालाच लाज वाटावी. आणि नायिका हिचं ऐकायला मुद्दाम त्या वाटेने जाते! अशी कजाग बाई जगात असते का? असली तर तिच्या तोंडी कोण लागेल? मी शाळेत असते तर समासात लिहिलं असतं, पात्र अविश्वसनीय.

ओलान्मा दर नाताळात माहेरी यायची, तेव्हा बाजारात मी तिला सोडत नसे. "काय गं, पोट सुटलं की पुस्तक आहे?" असं काहीबाही. ती पिशवी खाली ठेवून उभी राहायची आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. दगडांचं ते एक सोडलं तर उत्तर म्हणून दिलं नाही. एवढी शिकलेली, आणि उत्तर सुचू नये? या नाताळात आली नाही. मी लागोपाठ तीन न्क्वो जाऊन आले. वर्षभर घोळवून एक चांगलं वाक्य तयार ठेवलं होतं. वाया गेलं.

१० फेब्रुवारी

कनायोने आज जेवताना विचारलं, "आई, तू ती चूल दाखवणार ना? सगळं गाव रस्त्याची वाट बघतंय."

"आणि माझी उजवी बाजू?"

"मी चीफना सांगेन. डावीकडे नळी टाकून पाणी वळवू."

माझा मुलगा माझ्या मरणाला नळी टाकणार आहे. मी कुटलेला यामकंद त्याच्यापुढे सरकवला आणि जेव म्हटलं. त्याचा दोष नाही. बाप सहनशील होता असं ऐकतच तो वाढला, आणि ते त्याला ऐकवलं कोणी?

१३ फेब्रुवारी

लेकी आल्या. अमाउडेहून दोन गाड्या भरून, सगळ्या पांढरी फडकी बांधून. अंगणात चटयांवर बसल्या. पाणी दिलं, घेतलं नाही. पाहुण्याला सुपारीसारखा देतात तो कोला दिला, बाजूला सारला. फेस्टस आणि कुळातले पुरुष खुर्च्यांवर. कोरडा वारा सुटला होता, सगळ्यांच्या भुवया धुळीने पांढऱ्या.

सबिना उठली. "आमच्या बहिणीची चूल दाखवा."

फेस्टसने चवरी वर केली. "ती बघा, तिथे..."

"सुनेला विचारलंय," सबिना म्हणाली.

मी तोंडातलं दातण काढलं आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आतून कोंबडी बाहेर आली.

"ही?" मी म्हटलं. "ही फेस्टसची चूल. याच पंधरवड्यात जन्मली, अजून बारसं व्हायचंय. हिच्यावर घोटभर पाणीही तापलेलं नाही. काजळी कंदिलाची आहे. मडकं माझं आहे, जाताना मला परत द्या."

लेकींच्या मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसली. फेस्टस उभा राहिला. "आमच्या बायको, जपून बोला! मेलेल्या नवऱ्याची तरी लाज ठेवा!"

"ठेवली ना. चाळीस वर्षं ठेवली." मग मला थांबता येईना. "ओलान्माची चूल या घरात होती, आणि ती माझ्या नवऱ्याने मोडली. जोनासने. तापलेले दगड आपल्या हातांनी फेकले, तळव्यावरचा डाग तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. ती पळाली नाही, तिला घालवली. आणि तुम्ही कुळातले मोठे लोक हे जाणून होतात, कारण ताडी चढली की तो तुम्हालाही सांगायचा. बाई लिहायला लागली तर म्हणालात कोंबडी आरवली. आता ती कोंबडी मेली तर पिसं टोपीत खोवायला निघालात!"

कनायो बापाच्या समाधीकडे बघत होता. ते मला बघवेना, म्हणून सबिनाकडे वळले.

"असली बाई आमच्या अंगणात नको. सासूबाई सांगायच्या, तिच्या कालवणात मीठ कधी बरोबर पडलं नाही. घेऊन जा तुमची लेक. जा घेऊन."

शेवटी आवाज चिरकला. वाऱ्यात धूळ फार होती.

सबिनाने कोला उचलला, पदरात बांधला. मग सगळ्या जणी एकदम उठल्या.

१४ फेब्रुवारी

फेस्टसने निरोप पाठवला, कूळ माझ्या हातचं पाणी पिणार नाही. आजवर प्यायले त्याची भांडी मीच घासली. बरं झालं.

तिन्हीसांजेला कनायो समाधीजवळ उभा होता. "आई, 'सहनशील' तेवढं खोडायचं का?"

"राहू दे. तो माझ्याशी चांगला होता. तेही खरं आणि हेही खरं."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, जेवण गार होतंय.

२७ फेब्रुवारी

ओलान्माची माती झाली, अमाउडेला, तिच्या आईशेजारी. मंत्री आले होते. तिच्या पुस्तकांची नावं घेताना तीनदा अडखळले आणि शेवटी 'इत्यादी' म्हणून सुटले.

सबिनाने आदल्या दिवशीच निरोप धाडला होता, न्हाऊ घालायला या. नीट घालतात की नाही ते बघायला गेले. नाहीच. एक पोरगी साबण चोळताना ओलान्माच्या कानात पाणी घालत होती. मी त्या पोरीच्या हातातून फडकं काढून घेतलं. ओलान्मा फार वाळली होती. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा होता. माझ्याही आहे. पोरी पाणी आणायला गेल्या तेव्हा ते नाताळचं वाक्य मी तिच्या कानात सांगून टाकलं. चांगलं वाक्य होतं. ती पहिल्यांदाच हसली नाही, आणि मग मला फार रडू आलं. लिहून ठेवते, कारण घडलं ते लिहायचं असतं.

चुलीचे दगड कनायोने मोटारसायकलवरून आणून दिले होते, समाधीच्या पायथ्याशी मांडायला. आपणहून. बाप टाकून गेला ते मी पोचवतो, एवढंच म्हणाला. सबिनाने मोजले.

"दोनच?"

"तिसरा माझ्याकडे आहे. मी धुणं कशावर धुवायचं?"

"चूल दोन दगडांची होत नाही, मोठ्या बाई."

"तिला कुठे आता स्वयंपाक करायचाय?"

सबिना हसली, अगदी बहिणीसारखी, पिशवी खाली ठेवून. मग म्हणाली, "ताई म्हणायची, मी गावी दोन गोष्टींसाठी जाते. आईच्या समाधीसाठी आणि न्क्वोच्या बाजारासाठी."

बाजारात काय ठेवलंय एवढं? सुकी मासळी तर लागोसलाही मिळते.

५ मार्च

डांबरी रस्ता होणार नाही. फेस्टस पाटी काढून घेऊन गेला, पत्राही नेणार होता, पण कनायो आडवा आला. मडकं मिळालं, काठ उडालेला.

कनायोने विचारलं, आता तुझी जागा कुठे? मी म्हटलं, संत्र्याखाली, उजवीकडे, ते ठरलेलंच आहे. आणि मी गेले की धुण्याचा दगड अमाउडेला पोचव. आधी नाही.

त्या खोट्या स्वयंपाकघरात दुपारी छान सावली असते. कोंबड्या हाकलल्या आणि माझी खुर्ची आत टाकली. तिचं पहिलं पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं आहे, यावेळी घाई न करता, कारण असं व्हायचं नाही. चाळीस वर्षांची ओळख, आणि अकरा पुस्तकांत एक ओळ नाही? कुठेतरी मी असणार.

आज पान बावन्नपर्यंत आले. ती कजाग शेजारीण दातण चावत आली. मी अजून आलेली नाही.